सदर आणि खलबतखाना : निनावी संवादयंत्रणांची कसोटी

नाव न सांगता माणसांना एकमेकांशी इंटरनेटवर बोलता यावे म्हणून उभारलेल्या यंत्रणेची सुरक्षितता तपासायची म्हणजे नेमके काय तपासायचे, हा प्रश्न तिजोरीचे कुलूप तपासण्याइतका सरळ नाही. कारण कुलपाचा मजबूतपणा कुलपातच असतो, तर निनावीपणा बोलणाऱ्याच्या भोवती किती गर्दी आहे, त्या गर्दीत तो किती वेगळा उठून दिसतो आणि त्या गर्दीकडे कोण पाहत आहे, यांवर अवलंबून असतो. जुन्या वाड्यांतून आणि किल्ल्यांतून कारभाराच्या दोन जागा असत. सदरेवर जे बोलले जाई ते चारचौघांत बोलले जाई, आणि खलबतखान्यातले बोलणे भिंतीबाहेर जाऊ नये अशी व्यवस्था असे. मात्र खलबतखान्याच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी आत कोण गेले, किती वेळ बसले आणि कोणत्या क्रमाने बाहेर पडले हे पाहतच असे. नागपूरच्या सदर भागाचे नाव छावणीचा मुख्य बाजार या अर्थाच्या ‘सदर बाजार’ या शब्दाशी जोडलेले आहे आणि त्याचा वाड्यातील सदरेशी संबंध दूरचाच आहे, पण दोन्ही उघड्यावरच्या, सर्वांच्या जागा. निनावी संवादयंत्रणा या दोन्ही जागांहून अवघड असे काही साधू पाहते: बोलणे कानावर पडू नये एवढेच तिला पुरत नाही, पहारेकऱ्यालाही आत गेलेला ओळखू येऊ नये अशी तिची अपेक्षा असते.

येथे तीन संज्ञा वेगळ्या करून घेणे भाग आहे, कारण जाहिरातींत त्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. मजकूर तिसऱ्याला वाचता न येणे ही गोपनीयता होय. मजकूर कोणी लिहिला हे न कळणे हा निनावीपणा होय. आणि आज लिहिणारी व्यक्ती व काल लिहिणारी व्यक्ती एकच आहे हेही न कळणे याला असंलग्नता म्हणता येईल. टोपणनावाने लिहिणाऱ्याला दुसरी गोष्ट काही काळ मिळते, तिसरी मात्र कधीच मिळत नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने १०८ पत्रे लिहिली, तेव्हा ते कंपनी सरकारच्या नोकरीत होते आणि टोपणनावाचा आडोसा त्यांना उपयोगी होता. तरीही ही पत्रे ओळीने वाचणाऱ्या कोणत्याही चाणाक्ष वाचकाला लेखकाचे शिक्षण, त्याचे इंग्रजी वाचन, त्याचा ब्राह्मणवर्गावरील राग आणि कारभाराची त्याची आतली माहिती यांचा अंदाज येत गेला असणार. स्थिर टोपणनाव हे दर पत्रागणिक थोडेथोडे विरघळत जाते. आजच्या अनेक ‘निनावी’ सेवा वास्तविक टोपणनावाच्या सेवा आहेत, आणि त्यांचे परीक्षण करताना पहिल्या दिवसाची स्थिती पाहून भागत नाही; शंभराव्या पत्रानंतर काय उरते ते पाहावे लागते.

मजकूर आणि मजकुराभोवतीची नोंद यांतील फरक सदरमधून जाणाऱ्या रेसिडेन्सी रोडच्या नावातच दडलेला आहे. नागपूर दरबारी १८०७ पासून कंपनी सरकारचा रेसिडेंट असलेल्या रिचर्ड जेंकिन्सने सीताबर्डीच्या नोव्हेंबर १८१७ मधील लढाईनंतर काही महिन्यांतच, मार्च १८१८ मध्ये, नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांना कैद केले, आणि त्या कारवाईमागे बाजीराव पेशव्यांशी चालू असलेल्या पत्रव्यवहाराचा आरोप हे एक मोठे कारण होते. अशा प्रसंगी पत्रातील प्रत्येक ओळ हाती लागण्याची गरज नसते. कोणाचा जासूद कोणाकडे, कोणत्या दिवसांत आणि किती वेळा गेला एवढे कळले तरी राजकारणाला ते पुरते. संगणकशास्त्रात या भोवतालच्या नोंदीला मेटाडेटा म्हणतात: कोण, कोणाला, केव्हा, कुठून, किती वेळ. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, म्हणजे धाडणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या उपकरणांखेरीज इतरत्र ते उलगडता येत नाहीत. परंतु या कूटबद्धतेने जासूद झाकला जात नाही, फक्त थैली शिवली जाते.

म्हणून परीक्षणाचा आरंभ ‘ही सेवा सुरक्षित आहे का’ या प्रश्नाने न करता ‘कोणापासून’ या प्रश्नाने करावा लागतो. घरातील भावाने फोन उघडून पाहिला तर काय दिसते, समोर बोलणाऱ्या अनोळखी माणसाला काय कळते, सेवा चालवणाऱ्या कंपनीकडे काय साठते, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदवहीत काय उमटते आणि न्यायालयाचा आदेश घेऊन आलेल्या पोलिसांना या साऱ्यांतून काय जुळवता येते, ही पाच वेगवेगळी उत्तरे असतात. एका सेवेला पाचांत पाच गुण मिळाल्याचे उदाहरण नाही. संध्याकाळी वापरलेल्या ब्राउझरचा इतिहास पुसून भावापासून लपणाऱ्या माणसाला कंपनी आणि पोलीस यांच्यापासून त्यातून काहीच संरक्षण मिळत नाही, आणि पुष्कळ वापरकर्त्यांचा गोंधळ नेमका येथेच होतो.

परीक्षणाच्या पुस्तकांत ज्याची चर्चा कमी आढळते, पण महाराष्ट्राच्या अनुभवात जे ठळकपणे नोंदले गेले आहे, असे एक अपयश येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. ऑर्कुट या त्या काळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर निनावी खात्यावरून टाकला गेल्याच्या तक्रारीचा तपास पुणे पोलिसांनी केला आणि २००७ च्या ऑगस्टअखेरीस बंगळुरूतील एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. तपासाचा सगळा डोलारा एका आकड्यावर, म्हणजे आयपी पत्त्यावर, उभा होता. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला पुरवठादार कंपनी असा एक आकडा बहुधा तात्पुरता देते. तो घराच्या पत्त्यासारखा कायमचा नसतो, तर लॉजच्या खोलीच्या क्रमांकासारखा असतो, आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्यामुळे खोलीचा क्रमांक सांगून भागत नाही, कोणत्या दिवशी कोणत्या वेळी हेही बिनचूक सांगावे लागते, आणि लॉजच्या वहीत ते तितकेच बिनचूक लिहिलेले असावे लागते. या प्रकरणात पुरवठादाराने पोलिसांना दिलेला तपशील भलत्याच ग्राहकाचा होता. चूक उघड होऊन सुटका होईपर्यंत त्या अभियंत्याचे सुमारे ५० दिवस कोठडीत गेले. अटक झाली तेव्हा ज्याने तो मजकूर खरोखर लिहिला होता त्याचा निनावीपणा अबाधितच होता, हे परीक्षकाने विसरू नये. गुपित त्या घटकेला उघडे पडलेले नव्हते आणि तरीही एका माणसाचे आयुष्य उसवले.

या घटनेतून निघणारा निकष असा की निनावी यंत्रणेचे अपयश दोन तऱ्हांचे असते: खरा बोलणारा उघडा पडणे ही एक तऱ्हा, आणि न बोललेल्याकडे बोट दाखवले जाणे ही दुसरी. सुरक्षा-परीक्षणाचे बहुतेक अहवाल पहिल्या तऱ्हेचीच मोजणी करतात. दुसरीचा धोका २००७ नंतर वाढलेलाच आहे, कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात अपुरे पडल्यामुळे मोबाइल कंपन्या आता एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांमध्ये वाटून देतात, आणि त्यांतील नेमका ग्राहक कोण हे ठरवण्यासाठी पत्ता, त्याला जोडलेला पोर्ट नावाचा उपक्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ अशा तिन्ही गोष्टी लागतात. संवादसेवेच्या संगणकाचे घड्याळ आणि मोबाइल कंपनीचे घड्याळ यांत थोडेसे अंतर असले, किंवा एकीकडे भारतीय वेळ व दुसरीकडे ग्रिनिचची वेळ लिहिलेली असून मधले साडेपाच तास कोणाच्या ध्यानात आले नाहीत, तर वहीतील नाव बदलते.

पत्ता लपवण्याचा विचार फार जुना नाही. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये अशी कल्पना मांडली की पत्रे थेट न धाडता एका मध्यस्थाकडे धाडावीत, त्याने बरीच पत्रे साठू द्यावीत, पिसून त्यांचा क्रम मोडावा आणि मग ती पुढे रवाना करावीत, म्हणजे कोणते पत्र कोणाचे हे बाहेरून पाहणाऱ्याला जुळवता येणार नाही. पत्रासाठी ही युक्ती नामी आहे. गप्पांसाठी नाही, कारण गप्पांत उत्तर लगेच यावे लागते आणि साठवण्याला वेळच नसतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात उगम पावलेली आणि पुढे टॉर या नावाने प्रसिद्ध झालेली पद्धत विलंब टाळून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तीन वेष्टने वापरते: पहिल्या मध्यस्थाला धाडणारा ठाऊक असतो पण ठिकाण नाही, शेवटच्याला ठिकाण ठाऊक असते पण धाडणारा नाही, आणि मधल्याला दोन्ही नाही. दोन्ही टोकांवर एकाच वेळी नजर ठेवणाऱ्याला वेळेच्या जुळणीवरून जोडी लावता येते, ही मर्यादा टॉरच्या रचनाकारांनी २००४ च्या आपल्या निबंधात स्वतःच सांगून ठेवली होती, आणि हा प्रामाणिकपणा विकाऊ सेवांच्या जाहिरातींत क्वचित आढळतो.

पण टॉरचा वापर करूनही पकडले गेलेल्यांची गोष्ट बहुधा वेष्टनांची नसते, गर्दीची असते. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला बॉम्बची खोटी धमकी देणाऱ्या विद्यार्थ्याने टॉर आणि क्षणभंगुर ईमेल सेवा या दोन्ही वापरल्या होत्या, तरी तो सापडला, कारण त्याने विद्यापीठाच्याच वायफायवरून टॉर वापरले आणि त्या वेळी तेथे टॉर वापरणारे मोजकेच होते. चौकशीत त्याने कबुली दिली. या गर्दीला शास्त्रात निनावीपणाचा संच म्हणतात. ज्या ज्या व्यक्ती निरीक्षकाच्या दृष्टीने तो संदेश पाठवणाऱ्या असू शकल्या असत्या, त्या सर्वांचा मिळून तो संच होतो, आणि त्याचा आकार मोजण्याची एक सोयीस्कर पद्धत म्हणजे ‘हो–नाही’ची किती उत्तरे मिळाली म्हणजे संचात एकच व्यक्ती उरेल ते पाहणे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती, आणि प्रत्येक उत्तराने संच निम्मा होतो असे धरले तर त्यातून एक माणूस वेगळा काढण्यास २७ उत्तरे पुरतात. माणूस नागपूर शहरातला आहे एवढे कळताच संच सुमारे २४ लाखांवर येतो आणि साडेपाच उत्तरांचे काम एका फटक्यात होते. पुढे ४४०००१ हा पिनकोड कळला की गर्दी आणखी पातळ होते. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतप्रेमी अधिकाऱ्याने पिनकोडची जी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून रूढ केली ती पत्रे लवकर पोहोचावीत म्हणून. ती माणूस शोधण्याची इतकी नेमकी कळ ठरेल याची त्या वेळी कोणाला कल्पना असण्याचे कारण नव्हते. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींनी अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरतात, असा अंदाज लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये तेथील पिनकोडावरून बांधला होता.

मराठीत गर्दी पातळ करणारी एक गोष्ट अशी आहे की ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, आणि ती म्हणजे बोली. निनावी गप्पांत कोणी ‘का’ऐवजी ‘काऊन’ लिहिले, ‘मला’ऐवजी ‘मले’ लिहिले, ‘येऊन राहिला’ अशी क्रिया वापरली आणि वाक्याच्या शेवटी ‘बे’ टाकला, तर आपण विदर्भातले आहोत हे त्याने न विचारता सांगून टाकले. त्यातही ‘बे’ची सवय आणि हिंदी शब्दांचे प्रमाण पाहून जाणकार माणूस नागपूर शहर आणि अमरावतीकडचा वऱ्हाडी मुलूख यांत फरक करू पाहील. रोमन लिपीत मराठी लिहिताना ‘आहे’ हा शब्द कोण कसा लिहितो, दीर्घ स्वर दुहेरी करतो की नाही, पूर्णविरामाऐवजी दोन टिंबे देतो की तीन, या सवयी हस्ताक्षराइतक्याच चिवट असतात. लेखनशैलीवरून लेखक ओळखण्याच्या विद्येला शैलीमापन म्हणतात. मराठी प्रमाणभाषेत लिहिणारा या कसोटीवर अधिक सुरक्षित राहतो हे खरे, पण प्रमाणभाषेत गप्पा मारणाऱ्याशी बोलायला कोण थांबेल हा प्रश्न उरतोच.

सेवा चालवणाऱ्यांच्या आश्वासनांची तपासणी त्या मानाने सोपी आहे, कारण वेळोवेळी घडलेल्या फजित्यांनी ती करून ठेवली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘सराहा’ हे निनावी संदेशांचे ॲप वापरकर्त्याच्या फोनमधील संपर्कयादी आपल्या संगणकांवर चढवत असल्याचे उघड झाले. मार्च २०२० मध्ये ‘व्हिस्पर’ या निनावी कबुल्यांच्या ॲपचा विदासाठा पासवर्डविना उघडा पडलेला आढळला. त्यात नावे नव्हती, परंतु वय, टोपणनाव आणि लिहितेवेळचे भौगोलिक स्थान होते, आणि स्थान म्हणजे अनेकदा घर असते. याउलट सिग्नल या सेवेकडे २०१६ मध्ये अमेरिकेतील एका ग्रँड ज्युरीचा आदेश आला, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा वापरले एवढेच तिला देता आले, कारण इतर काही तिने ठेवलेच नव्हते. ‘आम्ही माहिती देणार नाही’ आणि ‘आमच्याकडे माहितीच नाही’ ही दोन वाक्ये कोर्टाच्या पायरीवर किती वेगळी ठरतात ते यावरून दिसते. याच सिग्नलने २०१८ मध्ये धाडणाऱ्याचे नाव स्वतःपासूनही झाकणारी सोय आणली; पण संदेश पोहोचल्याची पोच क्षणार्धात उलट दिशेने जाते, आणि या पोचींच्या वेळा जुळवून थोड्याच संदेशांनंतर जोडी ओळखता येते, असे २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. पोच मिळण्याची सोय किती महाग पडू शकते याचा यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

अनोळखी व्यक्तींची गाठ घालून देणाऱ्या ‘ओमेगल’ची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. लीफ के-ब्रुक्स या १८ वर्षांच्या मुलाने मार्च २००९ मध्ये ती सेवा सुरू केली आणि लहान मुलांच्या लैंगिक शोषणावरून झालेल्या दाव्यांच्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बंद केली. अशा सेवांत चित्र आणि आवाज जलद पोहोचावा म्हणून दोन यंत्रे एकमेकांना थेट जोडली जातात, आणि थेट जोडणीत समोरच्याच्या यंत्राला आपला आयपी पत्ता दिसतो, म्हणजे नाव लपवून बसलेला माणूस समोरच्याला निदान आपल्या शहराचा अंदाज देऊन बसलेला असतो. शिवाय येथे धोका निरीक्षकापासून कमी आणि समोर बसलेल्यापासून अधिक असतो. ज्याला ओळख लपवून मुलांपर्यंत पोहोचायचे आहे त्याच्यासाठी उत्तम निनावीपणा हेच हत्यार होते, आणि हा भाग वगळून केलेले परीक्षण कितीही गणिती असले तरी अपुरे राहते.

यंत्रणा निर्दोष असली तरी ती ज्या फोनवर चालते तो फोन तिच्या अखत्यारीत नसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने इस्रायलच्या एनएसओ कंपनीविरुद्ध दावा लावताना सुमारे १,४०० उपकरणांना ‘पेगासस’ या हेरगिरीच्या प्रणालीने लक्ष्य केल्याचे सांगितले; कॉल करून, तो उचलला नाही तरी, फोनचा ताबा घेण्याची ती पद्धत होती. ज्यांना व्हॉट्सॲपने तसे कळवले त्यांत नागपुरात वकिली करणारी व्यक्तीही होती आणि तिने ते जाहीरपणे सांगितले. कूटलेखन मोडण्याची तेथे गरजच नव्हती, कारण अक्षरे पडद्यावर उमटल्यावर ती मालकाइतकीच चोरालाही दिसतात.

भारतातील कायद्याने या सर्व मोजमापात एक नवा घटक आणला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यस्थ कंपन्यांसाठीच्या नियमांतील ४(२) हा नियम ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना, विशिष्ट गंभीर गुन्ह्यांच्या संदर्भात आदेश मिळाल्यास, संदेशाचा ‘पहिला प्रवर्तक’ शोधून देण्याची क्षमता बाळगायला सांगतो, आणि व्हॉट्सॲपने त्याला त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याआधी २०१९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयापुढील प्रकरणात, आयआयटी मद्रासचे व्ही. कामकोटी यांनी प्रत्येक संदेशासोबत मूळ धाडणाऱ्याची खूण जोडण्याचा उपाय सुचवला होता, आणि मुंबईच्या आयआयटीतील मनोज प्रभाकरन यांनी त्यावर लिहिलेल्या तज्ज्ञमतात असा उपाय कुचकामी ठरण्याची आणि निष्पापांवर आळ येण्याची शक्यता दाखवली होती. बंगळुरूच्या अभियंत्याचा अनुभव आठवला की दुसरा मुद्दा पुस्तकी वाटत नाही. मजकूर तोच ठेवून नवा संदेश म्हणून टंकला, कागदावरून टिपून घेतला किंवा एका ॲपमधून दुसऱ्यात चिकटवला, की खूण नव्याने सुरू होते, म्हणजे ती लेखकाकडे नेईलच असे नाही, तर त्या ॲपमध्ये तो मजकूर प्रथम घालणाऱ्याकडे नेते. नियमातच आणखी एक तरतूद अशी आहे की मूळ प्रवर्तक देशाबाहेरचा असेल, तर भारताच्या हद्दीत तो मजकूर ज्याने प्रथम पाठवला त्याला पहिला प्रवर्तक मानले जाईल. न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने रात्री धाडलेला एखादा मजकूर सदरमधील कोणी सकाळच्या चहाबरोबर न वाचता सोसायटीच्या गटावर पुढे ढकलला, आणि तो भारतात त्याआधी कोणी धाडलेला नसला, तर नियमाच्या भाषेत तो मजकूर सदरमध्ये जन्मलेला असतो.